चार दिवसांची सायकलयात्रा, तीन महिन्यांची तयारी

दसऱ्याच्या सुमारास एक शिक्षक दवाखान्यात आले. वय एक्कावन्न. सहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या नियमित. तपासणी झाली, साखर बऱ्यापैकी आटोक्यात होती. उठता उठता ते म्हणाले, “डॉक्टर, एक विचारायचं होतं. आम्ही दहा-बारा जण सायकलवर जिल्हा फिरायचं म्हणतोय. चार दिवस. मला जमेल का?”

कारण विचारले तेव्हा ते पुन्हा खुर्चीत बसले. त्यांच्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. तीन वर्षे डायलिसिस चालले. शासकीय योजनेतून डायलिसिस मोफत मिळत होते. पण आठवड्यातून दोन-तीन वेळा गावाहून येणे, प्रत्येक वेळी चार तास यंत्राला जोडून पडून राहणे, गाडीभाडे, बाहेरची औषधे आणि सोबत येणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी, हे सारे घरावरच पडत होते. गेल्या वर्षी भाऊ गेला. आता अशा रुग्णांच्या गाडीभाड्यासाठी आणि औषधांसाठी निधी जमवावा, म्हणून ही यात्रा.

मार्गही ठरला होता. पहिल्या दिवशी बुलढाण्याहून चिखलीमार्गे मेहकर. दुसऱ्या दिवशी लोणारचे सरोवर पाहून सिंदखेडराजा. तिसऱ्या दिवशी देऊळगावराजा करून पुन्हा चिखली आणि चौथ्या दिवशी पठारावरून खाली उतरून खामगाव, शेगाव. रोजचे साधारण साठ-सत्तर किलोमीटर.

“निघणार कधी?”

“पंधरा दिवसांनी.”

“आणि सायकल शेवटची कधी चालवली?”

“बी.एड.ला असताना,” असे म्हणून ते हसले. मला मात्र हसू आले नाही. मी म्हणालो, “सर, पंधरा दिवसांनी निघणार असाल तर माझं उत्तर नाही. जानेवारीत निघणार असाल तर आपण तयारीला लागू.”

त्यांना जे सांगितले तेच आज वाचकांपुढे ठेवतो आहे. पाऊस ओसरला आणि थंडी सुरू झाली, की आपल्याकडे अनेक गावांतून सायकलफेऱ्या निघतात. कोणी देवदर्शनाला जातो, कोणी रक्तदानाच्या प्रचाराला, कोणी एखाद्या आजारी मुलाच्या मदतीला. हेतू चांगला असतो. पण हेतू चांगला आहे म्हणून गुडघे, हृदय आणि किडन्या सवलत देत नाहीत.

कष्टाला लोक हात देतात

एखाद्या कामासाठी माणूस स्वतःच्या अंगाला कष्ट देतो, तेव्हा समाज त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. शेगावहून पंढरपूरला पायी जाणारी पालखी आपण पाहतो. वाटेवरच्या गावांत वारकऱ्याला पाणी आणि भाकरी मिळते ती त्याच्या पायांकडे पाहून.

सायकलवरच्या मोठ्या यात्रेचे उदाहरण विदर्भानेच घालून दिले आहे. आनंदवनाच्या बाबा आमट्यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर होते. पुढे १९८८ मध्ये अरुणाचलातील इटानगरपासून गुजरातेतील ओख्याकडे दुसरी यात्रा निघाली. पैसा गोळा करणे हा त्या यात्रांचा हेतू नव्हता. दुभंगू पाहणारी माणसे जोडावीत, हा होता. पण रोज उठून सायकलवर बसणे आणि गावोगावी लोकांशी बोलणे ही रीत तीच.

निधीसाठी सायकल चालवण्याची प्रथा परदेशात मोठी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० मध्ये छत्तीस जण कर्करोगाच्या उपचार-संशोधनासाठी सायकलवर निघाले. ‘पॅन-मास चॅलेंज’ नावाने ही फेरी पुढे दरवर्षी होऊ लागली आणि तिने आजवर शंभर कोटी डॉलरहून अधिक निधी जमवला आहे. आपल्याकडे नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आरपार ओलांडण्याची ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांचा संघ म्हणून पूर्ण केली. दोघेही व्यवसायाने डॉक्टर. म्हणजे कामाच्या माणसालाही हे जमते. मात्र त्यामागे सराव असतो.

आधी तपासणी

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने निघण्याआधी निदान तीन महिने डॉक्टरांची गाठ घ्यावी. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनीन, लघवीची तपासणी आणि ईसीजी एवढे तरी व्हावे. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात कोणाला लहान वयात हृदयविकार झाला असल्यास पट्ट्यावर चालवून केली जाणारी हृदयाची तपासणी करायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील. जिना चढताना छातीत दडपण येत असेल, तर सायकलचा विचार त्या दिवसापुरता बाजूला ठेवून आधी त्याचा छडा लावावा.

मधुमेह असणाऱ्याने सायकल चालवू नये, असे मुळीच नाही. उलट सायकल हा त्याच्यासाठी उत्तम व्यायाम. पण काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने श्रम करताना साखर एकदम उतरते. घाम फुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड ही त्याची लक्षणे. असे झाल्यास तत्काळ उतरावे, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. निघताना साखर शंभरच्या खाली असेल तर आधी खाऊन मग निघावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या दिवसांत मांडीत सुई टोचू नये. पायडल मारताना मांडीतून औषध लवकर रक्तात उतरते. दिवसभराच्या श्रमानंतर रात्री झोपेतही साखर उतरू शकते, म्हणून झोपताना एकदा पाहावी. औषधाचा डोस किती कमी करायचा हे डॉक्टरांना विचारावे, मनाने करू नये. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या ज्या गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यांच्याबद्दलही आधीच विचारून ठेवावे.

बारा आठवड्यांचा सराव

पहिले दोन आठवडे आठवड्यातून चार दिवस आठ-दहा किलोमीटर, सपाट रस्त्यावर. वेग किती? सोबत्याशी बोलता येईल एवढाच. बोलताना धाप लागली तर वेग जास्त झाला. नंतर फक्त रविवारची फेरी दर आठवड्याला पाच किलोमीटरने वाढवावी. दर चौथ्या आठवड्याला वाढ थांबवून फेरी थोडी कमीच करावी. स्नायू विश्रांतीतच बळकट होतात. अशा रीतीने बाराव्या आठवड्याच्या आत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची फेरी सहज जमू लागते. शेवटचा आठवडा हलका ठेवावा.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. एका दिवशी पन्नास किलोमीटर जाणे वेगळे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखऱ्या अंगाने पुन्हा सायकलवर बसणे वेगळे. अनेक दिवसांच्या यात्रेची खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी असते. म्हणून आठव्या आठवड्यापासून शनिवार आणि रविवार लागोपाठ सायकल चालवावी. बुलढाण्याच्या लोकांना राजूर घाट जवळच आहे. घाटाचा सराव तिथे करता येतो. मात्र उतरताना दोन्ही ब्रेक हळूहळू, आलटून पालटून दाबावेत आणि सायकल मोकळी सोडू नये.

सायकल अंगाला जुळली पाहिजे

महागडी सायकल हवीच असे नाही. साधी सायकलही चालेल. पण ती आपल्या उंचीची हवी. आपल्याकडे सीट खाली ठेवून गुडघे छातीशी नेत सायकल चालवण्याची सवय आहे. गावातल्या सायकल दुकानाचे मिस्त्री एकदा मला म्हणाले होते, “साहेब, सीट लय खाली हाये तुमची. गुडघे का लोखंडाचे हायेत?” वैद्यकशास्त्रही हेच सांगते. सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ झाला पाहिजे. मग पायाचा चवडा पायडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. ही उंची बरोबर. गिअरची सायकल असल्यास जड गिअर रेटत बसू नये. हलका गिअर लावून पाय भरभर फिरवावेत.

बुडाखाली घासून होणाऱ्या जखमा वरवर क्षुल्लक वाटतात, पण यात्रा अर्धवट सोडायला लावणाऱ्या कारणांत त्यांचा क्रमांक वरचा. जाड शिवणीची अंतर्वस्त्रे टाळावीत, शक्यतो आतून गादी असलेली सायकलची चड्डी वापरावी, घासणाऱ्या जागी व्हॅसलीन लावावे आणि मुक्कामी पोहोचताच अंघोळ करून कोरडे कपडे घालावेत. स्त्रियांना रुंद सीट सोयीची वाटते. ती सरावातच बदलून पाहावी. हातांना मुंग्या येत असतील तर हँडलवरची पकड अधूनमधून बदलावी. मधुमेहींनी रोज रात्री तळपाय उजेडात पाहावेत. धनुर्वाताची सुई घेतलेली नसेल तर घ्यावी. आणि हेल्मेटशिवाय कोणालाही रांगेत घेऊ नये.

पाणी, मीठ आणि डबा

तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाणी प्यावे. उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर पुरते. घाम फार येत असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेले लिंबाचे सरबत सोबत ठेवावे. भराभर नुसते पाणी ढोसणेही बरे नव्हे. त्याने रक्तातील मीठ पातळ होऊन चक्कर, मळमळ, गुंगी येते. लघवी फिकट पिवळी असावी. ती गडद झाली तर पाणी कमी पडते आहे, असे समजावे.

पूर्णेच्या खोऱ्यातून जाणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या क्षारयुक्त पाण्याचा आणि किडनीच्या आजारांचा विषय वर्षानुवर्षे चर्चेत आहे. रस्त्याकडेच्या बोअरचे खारे पाणी म्हणजे सरबत नव्हे. पिण्याचे पाणी सोबतच्या गाडीत भरून घ्यावे.

खाण्याला आपले घरचे पदार्थ उत्तम. निघण्याआधी तास-दीड तास पोहे किंवा उपमा. वाटेत दर तासाला केळे, गूळ-शेंगदाणे किंवा खजूर. दुपारी भाकरी, वरण-भात, ताक. गावोगावी स्वागताला भजी, कचोरी आणि गोड चहा येतो. त्याला नमस्कार करावा, पण पोट सायकल चालवणाऱ्याचे आहे हे विसरू नये. मधुमेहींनी गूळ-खजुराचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

रस्ता आणि ऊन

उजाडल्यावर निघावे, दुपारी बाराच्या आत निम्म्याहून अधिक अंतर कापावे, अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा. थंडीत पहाटे दमेकऱ्यांची छाती आवळते; त्यांनी नाकातोंडावर रुमाल बांधावा आणि पंप खिशात ठेवावा. कापसाच्या दिवसांत मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात, म्हणून एकामागे एक रांगेतच चालावे. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेडराजाजवळून जातो, पण तिथे सायकलला परवानगी नाही. जुन्याच रस्त्याने जावे. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीनिमित्त सिंदखेडराजाला प्रचंड गर्दी असते, तो दिवस टाळून तारखा ठरवाव्यात. एप्रिल-मे महिन्यांत तर यात्रा काढूच नये. आपल्याकडचा पारा चाळिशीपलीकडे जातो. त्या उन्हात श्रम म्हणजे उष्माघाताला बोलावणे.

थांबायचे केव्हा?

आता स्वतःची एक चूक सांगतो. वैद्यकीय महाविद्यालयात असताना मित्रांबरोबर अशाच एका पाच दिवसांच्या फेरीला गेलो होतो. पूरग्रस्तांसाठी मदत गोळा करायची होती. सराव शून्य, तरुण आहोत, एवढीच तयारी. दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या लाकडासारख्या कडक झाल्या. मागे पडलो तर लोक काय म्हणतील, म्हणून अंगदुखीची गोळी घेतली. दुपारी दुसरी घेतली. पाणी कमी प्यायलो, कारण सारखे थांबावे लागले असते. तिसऱ्या दिवशी सकाळी लघवी काळ्या चहासारखी झाली.

सोबतच्या वरिष्ठ डॉक्टरांनी ते ऐकताच मला सायकलवरून उतरवले आणि थेट इस्पितळात दाखल केले. न झेपणाऱ्या श्रमाने स्नायू फुटतात, त्यांतील द्रव्य रक्तातून किडनीत जाते आणि तिला इजा करते. त्यात अंगात पाणी कमी आणि वर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी, म्हणजे तीन बाजूंनी मारा. दोन दिवस सलाइन चालले. किडन्या वाचल्या. मी वेळेवर बोललो नसतो तर काय झाले असते, हे मला पुढे शिकताना कळले.

म्हणून शिक्षकांना मी सर्वांत आधी हेच सांगितले, की किडनीच्या रुग्णांसाठी निघालेल्या माणसाने स्वतःची किडनी पणाला लावू नये. यात्रेत कोणीही मनाने वेदनाशामक गोळी घ्यायची नाही. अंग दुखते तेव्हा गोळी नव्हे, विश्रांती घ्यायची.

पुढील लक्षणे दिसताच सायकल थांबवावी: छातीत दडपण किंवा डाव्या हातात, जबड्यात कळ, विसाव्यानंतरही न थांबणारी धाप किंवा धडधड, बोलण्यात असंबद्धपणा, अंग तापलेले आणि भान हरपत चाललेले, चहासारखी गडद लघवी, सुजलेला गुडघा. अशा वेळी ‘थोडं राहिलंय’ असे म्हणू नये. छातीत दुखत असेल किंवा भान जात असेल तर थेट १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. आणि ज्याला ताप आहे त्याने त्या दिवशी सायकलला हात लावू नये. तापात केलेले श्रम हृदयाच्या स्नायूंना बाधू शकतात.

गाडीत बसलेलाही यात्रेकरूच

इस्पितळातून सुटल्यावर फेरीचा शेवटचा दिवस मी सामानाच्या ट्रकमध्ये काढला. आधी फार लाज वाटली. मग पाण्याचे कॅन भरू लागलो, खरचटलेल्यांना पट्ट्या बांधू लागलो, मदतीच्या पावत्या फाडू लागलो. संध्याकाळी ध्यानात आले, की सायकलवर असताना जेवढा उपयोग झाला नव्हता, तेवढा त्या एका दिवसात झाला.

‘भारत जोडो’ची आठवण इथे पुन्हा येते. ज्या माणसाने ती यात्रा काढली, तो स्वतः सायकलवर नव्हता. बाबांच्या पाठीचा कणा इतका खराब झाला होता, की त्यांना बसता येत नसे. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. सत्तरी ओलांडली होती. सोबतच्या गाडीत आडवे पडून ते तरुणांबरोबर गेले. त्यांची यात्रा कमी प्रतीची होती, असे कोणी म्हणेल का?

म्हणून प्रत्येक गटाने निघण्याआधीच दोन नियम ठरवावेत. पहिला, सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग हाच गटाचा वेग. दुसरा, गाडीत बसणाऱ्याला कोणी हसायचे नाही. या दुसऱ्या नियमाने जीव वाचतात, कारण मग माणूस दुखणे लपवत नाही. निधीची पावती प्रत्येकाला द्यावी, यात्रेचा खर्च वेगळ्या वहीत लिहावा आणि जमलेला पैसा कुठे गेला ते शेवटी जाहीर सांगावे.

शिक्षक काल पुन्हा आले होते. पाच आठवडे झाले. सीट वर केली आहे, गुडघा दुखायचा थांबला आहे. रविवारची फेरी वीस किलोमीटरवर आली आहे. पट्ट्यावरची तपासणी व्यवस्थित निघाली आणि साखरेची एक गोळी निम्मी करावी लागली. त्यांच्या एका मित्राला हृदयात स्टेंट बसवून फार दिवस झालेले नाहीत. त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी यंदा नाही म्हटले. ते जीपमध्ये बसून हिशेबाची वही सांभाळणार आहेत.

“आणि डॉक्टर,” शिक्षक म्हणाले, “बारा जणांत डॉक्टर कोणीच नाही. जीपमध्ये एक जागा रिकामी आहे.”

चार दिवस दवाखाना बंद ठेवता येईल का, ते पाहतो आहे. आठवड्याचे एक-दोन दिवस सकाळी सायकलही काढली आहे. सीट मिस्त्रींकडून आधीच नीट करून घेतली.